रोजच्या रात्रीच्या जेवणाबद्दल बोलायला हवे

घरी रात्री काय शिजले आणि कोणी काय खाल्ले, ही माहिती बहुतेकांना क्षुल्लक वाटते. ती चार माणसांना सांगणाऱ्याबद्दल, मग तो ताटाचा फोटो पाठवो की दोन ओळी लिहो, ऐकणाऱ्याच्या मनात एक तर ‘याला मिरवायचे आहे’ अशी शंका येते किंवा ‘याला दुसरे काम दिसत नाही’ अशी. हे दोन्ही निष्कर्ष मला अन्यायाचे वाटतात. रोजच्या जेवणाविषयी मोकळेपणाने आणि खरेपणाने सांगणे हे सार्वजनिक हिताचे काम आहे, असे माझे मत आहे. मात्र त्याला एक अट आहे. जे सांगायचे ते नुसत्या भरलेल्या ताटाबद्दल असून भागत नाही. ते ताट कोणी वाढले, घरात काय होते आणि काय नव्हते, किती वेळ हाताशी होता, कोणासाठी काय वगळावे लागले, हेही त्यात यायला हवे. ही अट सुटली तर जेवण सांगण्याच्या सवयीने भले होण्याऐवजी नुकसानच होते, आणि आज अनेक ठिकाणी तसे होताना दिसते.

माणसाच्या खाण्यातले नेमके काय नोंदले जाते, हे आधी पाहू. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संग्रहात इसवी सनापूर्वी 1700 च्या सुमाराच्या काही मातीच्या पाट्या आहेत. त्यांवर कीलाक्षरांत, म्हणजे प्राचीन मेसोपोटेमियाच्या खिळ्यांसारख्या खुणांच्या लिपीत, पाककृती कोरलेल्या आहेत आणि जगातल्या सर्वांत जुन्या लिखित पाककृतींत त्यांची गणना होते. त्यांतले पदार्थ साधेसुधे नाहीत. अभ्यासक त्यांचा संबंध राजवाड्याच्या किंवा उच्चभ्रू वर्गाच्या स्वयंपाकघराशी लावतात. त्याच काळात सामान्य घरांत रोज रात्री काय शिजत होते, ते कोरून ठेवावे असे कोणाला वाटल्याचे दिसत नाही. सामान्यांचे जेवण कळायला वेगळ्याच वाटेने जावे लागते. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या, आजच्या इटलीतल्या हर्क्युलेनियम या गावात दुकाने आणि त्यांवरच्या भाड्याच्या खोल्या असलेल्या एका इमारत-समूहाखाली मैलापाण्याचा मोठा भूमिगत कक्ष सापडला. त्यात साचलेला गाळ शेकडो पोत्यांत भरून बाहेर काढण्यात आला आणि चाळून पाहिल्यावर त्यातून माशांची हाडे, फळांच्या बिया, अंड्यांची टरफले मिळाली. तिथली साधी माणसे आपल्या समजुतीपेक्षा बरेच विविध अन्न खात होती, हे त्यातून कळले. त्यांनी स्वतः सांगितलेले मात्र आपल्याजवळ फारसे काही नाही. राजाच्या पंगतीची माहिती लिहून ठेवलेली आणि कष्टकऱ्याच्या जेवणाची माहिती मैल्यातून उकरून काढलेली, अशी ही विषमता आहे.

ती विषमता प्राचीन काळाबरोबर संपली असे मानण्याचे कारण नाही. युनेस्कोने 2010 मध्ये फ्रान्सच्या भोजनपरंपरेला आणि 2013 मध्ये जपानच्या आहारसंस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. ते योग्यच झाले. पण पहिल्या नोंदीचा रोख आयुष्यातले महत्त्वाचे प्रसंग साजरे करण्याच्या जेवणावर आहे आणि दुसरीच्या शीर्षकातच नववर्षाच्या सोहळ्याचा विशेष उल्लेख आहे. वारसा म्हणून जे डोळ्यांसमोर येते ते सणाचे, समारंभाचे, पाहुण्यांसमोरचे जेवण. वर्षातल्या बहुसंख्य रात्री मात्र सण नसतो, पाहुणे नसतात, आणि माणसांचे पोषण, आरोग्य, घरखर्च आणि एकमेकांशी असलेले संबंध याच रात्रींनी घडत असतात.

सरकारे आणि शास्त्रज्ञ रोजच्या जेवणाची विचारपूस करतात, हे खरे आहे. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1940 मध्ये, राष्ट्रीय अन्न सर्वेक्षण सुरू झाले. सुरुवातीला शहरी कामगारवर्गाची घरे आणि 1950 पासून सर्व थरांतली घरे त्यात आली, आणि 2000 पर्यंत ते चालू राहिले. घरातल्या व्यक्तीने आठवडाभर घरात आलेल्या अन्नाची वही ठेवायची, अशी त्याची रीत होती. एखाद्या समाजाच्या रोजच्या अन्नाची साठ वर्षे सलग माहिती मिळणे ही मोठी गोष्ट आहे, आणि ती मिळाली ती असंख्य घरांमधल्या व्यक्तींनी कंटाळा न करता वही लिहिली म्हणून, हे विसरता कामा नये. आहारशास्त्रात रुळलेली दुसरी पद्धत म्हणजे गेल्या चोवीस तासांत काय खाल्ले ते विचारणे. अमेरिकेच्या कृषी विभागाने विकसित केलेल्या पद्धतीत ही विचारपूस पाच फेऱ्यांत होते, आणि त्यांतली एक अख्खी फेरी केवळ विसरलेल्या पदार्थांसाठी राखलेली असते, कारण स्वयंपाक करताना चाखलेले, मुलाच्या ताटातले उरलेले, उभ्या उभ्या तोंडात टाकलेले माणसाला खाणे म्हणून आठवतच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने स्त्रियांच्या आहारातली विविधता मोजण्यासाठी जो सोपा निर्देशांक स्वीकारला आहे, तोही कालच्या दिवस-रात्रीबद्दलच विचारतो: दहा अन्नगटांपैकी किमान पाच गटांतले काहीतरी पोटात गेले का? म्हणजे ‘काल काय जेवलात?’ हा प्रश्न जगातल्या कुपोषणाचा अंदाज घेण्याच्या गंभीर साधनांपैकी एक आहे.

पण या मोजणीलाही मर्यादा आहेत. घरात किती अन्न आले ते मोजून माणसांच्या संख्येने भागले की सरासरी मिळते, वाटप मिळत नाही. घरात दूध आले हे कळते. ते कोणी प्यायले हे कळत नाही. कोण शेवटी जेवायला बसले, कोणाला उरलेल्यावर भागवावे लागले, कोणाची आवड धरून रोजचा बेत ठरतो आणि कोणाची आवड घरात कोणाला ठाऊकच नाही, या गोष्टी सरासरीच्या पोटात गडप होतात. त्या कळायच्या तर माणसांनी आपापल्या जेवणाबद्दल आपल्या शब्दांत बोलायला हवे. हे बोलणे सर्वेक्षणाची जागा घेऊ शकणार नाही, त्यावरून आकडे काढणे तर चूकच ठरेल. पण आकड्यांना कोणते प्रश्न विचारायचे राहून गेले आहेत, ते अशा बोलण्यातूनच उमगते.

माझ्या दृष्टीने या विषयाचा सर्वांत महत्त्वाचा भाग मात्र पोषणापेक्षाही स्वयंपाकाच्या आधीच्या कामाशी निगडित आहे. रात्रीच्या जेवणातले सर्वांत दमवणारे काम चिरणे, भाजणे किंवा ढवळणे हे नसते. ‘आज काय करायचे?’ हे ठरवणे असते. समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घरकामातल्या या डोक्याने करायच्या कामाचे चार भाग सांगितले: गरज आधीच ओळखणे, पर्याय शोधणे, निर्णय घेणे आणि ते पार पडते आहे की नाही याकडे लक्ष ठेवणे. त्यांना आढळले की निर्णय घेण्याच्या टप्प्यावर पती-पत्नी बहुधा दोघेही असतात, पण आधी गरज ओळखण्याचा आणि नंतर लक्ष ठेवण्याचा भार मोठ्या प्रमाणात बायकांवर पडतो. ज्याने रोजचा स्वयंपाक सांभाळला आहे त्याला हे वर्गीकरण वाचताच पटेल. भाजी उद्यापर्यंत टिकणार नाही, एकाचे पोट बिघडले आहे, दुसऱ्याला उशीर होणार आहे, काल हेच झाले होते, परवासाठी काही भिजवायला हवे, तेल संपत आले आहे: इतक्या गोष्टींचा हिशेब मनात मांडून मग एक साधा बेत ठरतो. जेवणाऱ्याला फक्त बेत दिसतो. हिशेब कोणाला दिसत नाही, म्हणून तो काम म्हणून धरलाही जात नाही.

रोजचे जेवण एकमेकांना सांगण्याने या भाराला थेट हातभार लागतो. एका घरात काय झाले हे दुसऱ्या घराला कळले की दुसऱ्या घरातल्या व्यक्तीचे पर्याय शोधण्याचे काम हलके होते. ती मदत छापील पाककृतीपेक्षा वेगळ्या जातीची आहे. पाककृती गृहीत धरते की सगळे साहित्य घरात आहे, मोजमाप नेमके आहे, वेळ पुरेसा आहे आणि करणाऱ्याला तोच पदार्थ करायचा आहे. रोजची रात्र याच्या उलट्या टोकाकडून सुरू होते: काय आहे, किती उरले आहे, किती मिनिटांत सगळ्यांना जेवायला बसवायचे आहे. म्हणून ‘दुपारची डाळ उरली होती, तिच्यात भाजी घालून दाट केली, एकाला तिखट चालत नाही म्हणून त्याचे आधी बाजूला काढले, पाऊण तासात जेवून उठलो’ असे कोणी सांगितले, तर त्या एका वाक्यात पाककृतीत न सापडणारे बरेच ज्ञान असते. त्यात उरलेल्याचा उपयोग आहे, एकाच भांड्यातून दोन प्रकृतींची सोय आहे, वेळेचा खरा अंदाज आहे. हे ज्ञान पूर्वीही घराघरांतून वाहत होते. पण ते एकाच स्वयंपाकघरात शेजारी उभे राहून मिळणारे ज्ञान होते. आता कितीतरी माणसे शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी घर सोडल्यावर एकट्यानेच स्वयंपाक शिकतात. त्यांच्या शेजारी कोणी उभे नसते. त्यांना मोठ्या स्वयंपाकींचे कौशल्य फारसे उपयोगाचे नसते. दमून आलेल्या, साधारण कौशल्याच्या, अर्ध्या रिकाम्या फ्रिजसमोर उभ्या असलेल्या माणसाने काय केले, हे त्यांना कळायला हवे असते.

ब्राझीलच्या आरोग्य मंत्रालयाने 2014 मध्ये जी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत हा मुद्दा सरकारी पातळीवर मान्य झालेला आहे. पोषकद्रव्यांची कोष्टके पुढे करण्याऐवजी ती तत्त्वे ताज्या अथवा अल्पप्रक्रिया केलेल्या अन्नापासून घरी केलेल्या जेवणावर भर देतात, शक्य तेव्हा सोबतीने जेवावे असे सांगतात, आणि स्वयंपाकाचे कौशल्य शिकावे, सरावात ठेवावे आणि इतरांना द्यावे असेही स्पष्टपणे म्हणतात. अतिप्रक्रिया केलेल्या पदार्थांचा प्रसार थोपवायचा असेल तर लोकांना नुसते ‘खाऊ नका’ सांगून चालत नाही, त्याऐवजी काय करता येईल हे दिसावे लागते, ही त्यामागची समज आहे. ते दाखवणारी माणसे उपाहारगृहांत किंवा दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांत शोधण्याची गरज नाही. ती घरोघरी आहेत.

अन्न वाया जाण्याचा प्रश्नही इथेच येऊन मिळतो. संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 या वर्षात जगभरात किरकोळ विक्री, खाद्यसेवा आणि घरे मिळून सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातला 60 टक्के वाटा घरांचा होता. दरडोई हिशेब केला तर घरांतून वर्षाला 79 किलो होतात. यात साली, हाडे असे सहसा न खाल्ले जाणारे भागही मोजलेले आहेत, तरी आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. घरातले अन्न वाया जाते ते बहुधा निष्काळजीपणापेक्षा कल्पना न सुचल्यामुळे: एका पदार्थासाठी आणलेली जुडी अर्धी उरते आणि उरलेल्या अर्ध्याचे काय करायचे हे त्या पाककृतीत लिहिलेले नसते. त्याचे उत्तर कोणाच्या तरी कालच्या रात्रीच्या जेवणात असते.

या सगळ्या कामाची किंमत कोणीच धरत नाही, हेही सांगायला हवे. 1934 मध्ये अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ मार्गारेट रीड यांनी घरकामाबाबत एक साधी कसोटी मांडली: जे काम पैसे देऊन तिसऱ्या व्यक्तीकडून करून घेता येते, ते उत्पादन आहे. रात्रीचा स्वयंपाक या कसोटीला पूर्णपणे उतरतो. तरीही राष्ट्रीय उत्पन्नाचे हिशेब ज्या आंतरराष्ट्रीय पद्धतीने मांडले जातात, तिच्यात घरच्यांसाठी बिनमोबदला केलेला स्वयंपाक उत्पादनाच्या व्याख्येबाहेर ठेवलेला आहे. तोच स्वयंपाक उपाहारगृहात झाला की मोजला जातो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2018 मध्ये 64 देशांच्या वेळ-वापर सर्वेक्षणांवरून अंदाज केला की घरकाम आणि संगोपन मिळून रोज 1,640 कोटी तास बिनमोबदला काम होते. 200 कोटी माणसांनी रोज आठ तास विनावेतन राबावे, एवढे हे काम आहे, आणि त्यातला 76.2 टक्के भार स्त्रिया उचलतात. राष्ट्रीय उत्पन्नाची व्याख्या बदलायला काळ लागेल. पण जेवणाबद्दल बोलताना ते करणारी व्यक्ती आणि तिला लागलेला वेळ यांचा उल्लेख करायला कोणाची परवानगी लागत नाही. हे काम सार्वजनिक बोलण्यात दिसायला लागले, तरच ते हिशेबात धरण्याची मागणी कोणीतरी ऐकून घेईल.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण ते हलके नाहीत.

पहिला आक्षेप भुकेचा. संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या अहवालाप्रमाणे 2023 मध्ये जगातली सुमारे 73 कोटी माणसे उपाशी किंवा अर्धपोटी होती, आणि त्याच्या आदल्या वर्षी 280 कोटींहून अधिक लोकांना सकस आहार परवडत नव्हता. अशा जगात आपल्या भरल्या ताटाची वार्ता पसरवणे निर्दयपणाचे आहे, असे म्हणणाऱ्यांच्या भावनेत तथ्य आहे. पण हा आक्षेप नीट पाहिला तर तो वैभवाच्या प्रदर्शनावर आहे. रोजच्या साध्या जेवणाबद्दल मौन पाळल्याने भुकेल्याला काही मिळत नाही. उलट समाजात सगळेच जण चांगलेचुंगले खात आहेत असा भ्रम तयार होतो, कारण बोलतात ते फक्त मेजवान्यांबद्दल. महिनाअखेरीला ताटातले कोणते पदार्थ आधी नाहीसे होतात, दर वाढले की घर कोणत्या वस्तूवर पहिल्यांदा काट मारते, हे जर लोक एकमेकांना सांगू लागले, तर टंचाईची चाहूल सरकारी आकडे येण्याच्या आधी लागू शकते. अर्थात ज्याच्या घरी आज काहीच शिजले नाही, त्याला ते जाहीरपणे सांगायला लावणे क्रूरपणाचे होईल. सांगणे नेहमी ऐच्छिकच राहिले पाहिजे, आणि ज्यांना सांगणे सोपे आहे त्यांनी बोलताना ही जाणीव ठेवली पाहिजे.

दुसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. जेवण सांगण्याची प्रथा पडली की तुलना सुरू होते, आणि तुलनेने स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीवरचा भार वाढतो. दुसऱ्या घरी रोज नवे होते, मग आपल्या घरी रोज तेच का, हा प्रश्न शेवटी एकाच व्यक्तीला विचारला जातो. इतिहासात याला आधार आहे. तंत्रज्ञानाच्या इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी 1983 मध्ये दाखवून दिले की घरकामाची यंत्रे आल्याने घरातल्या बाईचे तास अपेक्षेइतके कमी झालेच नाहीत. त्यांचे चुलीचे उदाहरण या विषयाला अगदी जवळचे आहे. उघड्या आगीऐवजी लोखंडी बंद शेगडी आली तेव्हा इंधन कमी लागू लागले, आणि लाकडे फोडण्याचे पुरुषांचे काम घटले. पण शेगडीवर एकाच वेळी अनेक पदार्थ करता येतात म्हणून एका भांड्यातल्या जेवणाची जागा अनेक पदार्थांच्या जेवणाने घेतली आणि बाईचे काम वाढले. साधन सुधारले की अपेक्षा चढते, आणि वाचलेला वेळ त्या चढलेल्या अपेक्षेत खर्ची पडतो. फोन हातात आल्यानंतर घरच्या ताटाच्या बाबतीत हेच घडते आहे. पूर्वी जेवण पोटभर आणि चवीला बरे असले की पुरे होते. आता ते दिसायलाही सुरेख असावे लागते, आणि रंगसंगती साधण्याचे हे नवे काम पुन्हा त्याच व्यक्तीच्या वाट्याला येते.

या आक्षेपाला ‘मग दाखवू नका’ हे उत्तर पुरेसे नाही, कारण दाखवणारे दाखवतच राहतील, आणि साधे जेवणारे गप्प राहिले तर सार्वजनिक चित्र आणखीच एकांगी होईल. अपेक्षा खाली आणायच्या असतील तर सामान्य रात्री मोठ्या संख्येने सांगितल्या गेल्या पाहिजेत. सलग तीन दिवस तेच जेवण झाले ती रात्र, बाहेरून मागवले ती रात्र, करपले ती रात्र, कोणालाच भूक नव्हती म्हणून दूध पिऊन झोपले ती रात्र: या सगळ्यांची नोंद त्यात हवी. अशा नोंदी वाचून कोणाला तरी ‘आमच्यासारखेच चालले आहे’ असा दिलासा मिळतो, आणि तो दिलासा कमी मोलाचा नाही, कारण रोजच्या स्वयंपाकाबद्दलचा अपराधी भाव हा फार मोठ्या संख्येने माणसांच्या, विशेषतः नोकरी करून घर चालवणाऱ्या स्त्रियांच्या, मनाला लागलेला काच आहे. तो काच एकमेकांच्या खऱ्या रात्री माहीत नसल्यामुळे घट्ट होत जातो.

तिसरा आक्षेप खासगीपणाचा. जेवणातून उत्पन्न कळते, श्रद्धा कळते, आजार कळतो, घरातले मतभेदही कळतात. काही माणसांना त्यांच्या ताटावरून हिणवले गेले आहे, बहिष्कृत केले गेले आहे. त्यांच्यासाठी गप्प राहणे ही सुरक्षितता आहे आणि तिचा आदर केलाच पाहिजे. घरातल्या दुसऱ्या व्यक्तीचे पथ्य, तिचे औषध, मुलाचे न जेवणे, या गोष्टी त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय सांगण्याचा अधिकार स्वयंपाक करणाऱ्यालाही नाही. आणि इथे ऐकणाऱ्याचेही कर्तव्य सुरू होते. कोणी जेवण सांगितले की लगेच कॅलरी मोजणे, वजनाचा विषय काढणे, ‘हे खाऊ नये’ म्हणून उपदेश करणे, एखाद्या अन्नाला शुद्ध आणि दुसऱ्याला हलके ठरवणे, हे थांबले नाही तर लोक खरे सांगणे बंद करतील आणि फक्त शोभेचे सांगतील. खाण्याशी ज्यांचे नाते आजाराने किंवा समाजाच्या टोचणीने आधीच दुखावलेले आहे, त्यांना अशा शेऱ्यांची खरोखर इजा होते. न विचारता दिलेला आहारसल्ला हा मला या व्यवहारातला सर्वांत मोठा दोष वाटतो.

एकट्याने जेवणाऱ्यांचा विचार या चर्चेत सहसा होत नाही, तो करायला हवा. 2025 च्या जागतिक आनंद अहवालात 142 देशांतल्या माहितीच्या आधारे असे मांडले आहे की इतरांसोबत जेवण्याचे प्रमाण आणि माणसाचे समाधान यांचा संबंध उत्पन्नाच्या किंवा बेरोजगारीच्या संबंधाइतकाच ठळक आहे. त्याच अहवालानुसार अमेरिकेत 2023 मध्ये चारांतल्या सुमारे एका व्यक्तीने आदल्या दिवसाची सगळी जेवणे एकट्याने केली होती, आणि हे प्रमाण 2003 च्या तुलनेत 53 टक्क्यांनी वाढले होते. सोबत जेवल्याने समाधान मिळते की समाधानी माणसे सोबत जेवतात, हे अशा माहितीवरून सिद्ध होत नाही. पण एकट्यासाठी स्वयंपाक करणारा माणूस हळूहळू स्वयंपाक सोडतो, कारण कोणी पाहणारे, विचारणारे नसते, हे अनेकांनी अनुभवले आहे. अशा माणसाला रोज कोणीतरी ‘आज काय केलेत?’ म्हणून विचारत असेल आणि तो सांगत असेल, तर ते सोबतीच्या जेवणाची बरोबरी करणार नाही. तरीही त्या रात्री शेगडी पेटण्याची शक्यता वाढते. वृद्धांची काळजी घेणाऱ्या नातेवाइकांनी आणि शेजाऱ्यांनी हा प्रश्न औपचारिकता म्हणून न विचारता उत्तर ऐकण्यासाठी विचारावा, कारण जेवणाच्या वर्णनात होत जाणारी घट ही प्रकृतीच्या किंवा मनाच्या उताराची सुरुवातीची खूण असू शकते.

शेवटचा मुद्दा सांगणाऱ्याचा. आज जेवणाबद्दल जाहीरपणे बोलणारे बरेचदा जेवणारे असतात. करणाऱ्या व्यक्तीला त्या वेळी ओटा आवरायचा असतो. जनमत पाहणी करणारी गॅलप ही संस्था आणि पाककृतींची देवाणघेवाण करणारे कुकपॅड हे संकेतस्थळ यांच्या जागतिक पाहणीत 2022 मध्ये स्त्रिया आठवड्याला सरासरी सुमारे नऊ वेळा आणि पुरुष सुमारे चार वेळा घरी स्वयंपाक करतात असे आढळले होते. म्हणून जेवण सांगताना ते कोणी केले हे नावानिशी, आणि ती व्यक्ती तयार असेल तर तिच्याच शब्दांत, यायला हवे. दोन माणसांनी मिळून केले असेल तर कोणी काय केले, ठरवले कोणी, आणलेले सामान कोणाच्या लक्षात होते, भांडी कोणी घासली, हेही यायला हवे. पुरुषांनी रविवारच्या एखाद्या खास पदार्थाबद्दल सांगण्याबरोबर बुधवारच्या घाईच्या रात्रीबद्दलही सांगावे, आणि बुधवारी त्यांनी काही केलेच नसेल तर तेही त्या नोंदीतून आपोआप दिसेल. घरातल्या शाळकरी मुलांना आठवड्यातून एकदा अशी नोंद करायला सांगितली, तर भाजी निवडण्यापासून ओटा पुसण्यापर्यंतचे काम त्यांना पहिल्यांदा एका कागदावर एकत्र दिसेल, आणि पुढच्या आठवड्यात त्यातले कोणते आपण करायचे यावर घरात बोलता येईल.